गाणारा दिसला पाहिजे

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मेणवलीच्या घाटावर एका गाण्याचं चित्रीकरण पाहायला मिळालं. कराडकडची चार पोरं होती. ड्रमचा संच पायऱ्यांवर मांडला होता आणि मोठा ड्रम घसरू नये म्हणून त्याच्याखाली ओलं गोणपाट सारलं होतं. गिटारला वायर नव्हती, ड्रमला माईक नव्हता. मोटारसायकलच्या सीटवर ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून गाणं वाजत होतं आणि तेही दुप्पट वेगानं, चिमणीच्या चिवचिवाटासारखं. गाणारा मुलगा त्या चिवचिवाटाबरोबर भराभर ओठ हलवत होता. यात एक साधी युक्ती असते. कॅमेऱ्यानं सेकंदाला पन्नास चौकटी टिपायच्या आणि दाखवताना पंचवीसच दाखवायच्या. पडद्यावर पाणी, केस, हात सगळं निम्म्या वेगानं सरकतं, पण ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात, कारण ते दुप्पट वेगानं हललेले असतात.

शेजारी धुणं धूत बसलेल्या एक मावशी बराच वेळ हे पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "कुटल्या पिच्चरचं शूटिंग म्हनायचं हे?"

"पिच्चर न्हाई मावशी, आमचंच गाणं हाय."

"मग गातंय कोन?"

"मीच की."

"आन् दिसनार कोन?"

"मीच."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांचं नवल मला पटलं. या घाटावर त्यांनी कितीतरी नट-नट्या गाताना पाहिल्या असतील, पण त्यांतल्या एकाचाही गळा त्याचा स्वतःचा नव्हता.

रॉक संगीताच्या, विशेषतः अल्टरनेटिव्ह रॉकच्या, व्हिडिओंमध्ये जे दृश्यसंकेत रुजले आहेत त्यांच्या मुळाशी मावशींचे हेच दोन प्रश्न आहेत असं मला वाटतं. गातंय कोण आणि दिसतंय कोण? पाश्चात्त्य रॉकनं या प्रश्नांना दिलेली उत्तरं आणि कृष्णाकाठानं दिलेली उत्तरं शेजारी ठेवून पाहावीत म्हणून हा आढावा. आज साताऱ्या-सांगलीतली पोरं हातात मोबाइल घेऊन या दोन्ही वारशांच्या मधोमध उभी आहेत.

एमटीव्ही अमेरिकेत सुरू झालं १ ऑगस्ट १९८१ला. गाणं विकायचं तर ते दिसलंही पाहिजे, हा नियम तिथून पक्का झाला. लहान कंपन्यांतून आणि कॉलेजच्या रेडिओवरून वर आलेल्या बँडना या नियमाचा मनापासून राग होता. ध्वनिमुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलवणं ही त्यांना श्रोत्याची फसवणूक वाटे. १९८४ साली आर.ई.एम. या बँडच्या 'सो. सेंट्रल रेन'चं चित्रीकरण झालं तेव्हा गायक मायकल स्टाइपनं ओठ हलवायला नकार दिला आणि कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायला. पुढच्याच वर्षी 'द रिप्लेसमेंट्स' या बँडनं आणखी टोक गाठलं. त्यांच्या 'बास्टर्ड्स ऑफ यंग'च्या व्हिडिओत बँड नाहीच. गाणं वाजणारा एक स्पीकर आहे, काळ्यापांढऱ्या चित्रात, आणि कॅमेरा त्याच्यावरून हलायला तयार नाही. दाखवायचंच आहे ना, मग आवाज जिथून येतो ती पेटीच पाहा, असं ते बजावणं होतं.

हा राग हाच पुढच्या अनेक संकेतांचा उगम. गायक कॅमेऱ्याकडे पाहत नाही, केस तोंडावर, नजर जमिनीवर. कपडे घरचे. बँड वाजवतो तो रंगमंचावर नव्हे. जिथं कुणी वाजवणार नाही अशा ठिकाणी: रिकामं गोदाम, गॅरेज, माळरान, शाळेची व्यायामशाळा. १९९१च्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'मध्ये निर्वाणा शाळेच्या अशाच व्यायामशाळेत वाजवतं. दिग्दर्शक सॅम्युएल बायर. पिवळसर धूर, बाकांवर बसलेली मुलं, कोपऱ्यात झाडू घेऊन डुलणारा सफाई कामगार आणि शेवटी मुलं मैदानात उतरून सगळं उधळून लावतात. गंमत म्हणजे ज्या बँडला व्हिडिओचा झगमगाट नको होता, त्याचाच व्हिडिओ इतका पाहिला गेला की धूर, मळका पिवळा रंग आणि व्यायामशाळा हाच नवा झगमगाट झाला. संकेत होतो तो असा. आधी गरज असते, मग सवय, मग वेशभूषा. पर्ल जॅमनं १९९२च्या 'जेरेमी'नंतर व्हिडिओ करणंच थांबवलं आणि १९९८ला ते परतले तेव्हा 'डू द इव्होल्यूशन'साठी ॲनिमेशन निवडलं. तिथं बँडनं दिसायचा प्रश्नच उरला नाही.

स्टाइपनं १९९१च्या 'लूझिंग माय रिलिजन'मध्ये मात्र ओठ हलवले. दिग्दर्शक तरसेम सिंग, जन्म जालंधरचा. त्या व्हिडिओत पंखवाला म्हातारा आहे, भडक रंगांत सजवून बसवलेल्या देवांसारख्या आकृती आहेत, खिडकीतून येणारा जुन्या तैलचित्रांतला उजेड आहे. नव्वदीत सांगलीत एका मित्राच्या घरी केबलवर मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मित्राची आई म्हणाली, "हे आपल्या क्यालेंडरासारखंच की रे." तिचं म्हणणं अचूक होतं. ज्या बँडला ओठ हलवण्याची लाज वाटायची, त्याला ती सोडायला लावणारं चित्र आपल्याकडच्या भिंतीवरच्या चित्राचं नातलग होतं. आपल्याकडे गळा वेगळा आणि चेहरा वेगळा असण्यात फसवणूक कुणाला वाटलीच नव्हती.

का वाटली नव्हती, याचं उत्तर सांगलीतच सापडतं. १८४२ साली कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं आणि १८४३ला 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. पहिल्या प्रयोगाची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर मराठी रंगभूमी दिन झाला, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्या खेळाची रचना कशी होती, याकडे आपण फारसं पाहत नाही. पदं गायची सूत्रधारानं. राम, रावण, जनक ही पात्रं त्या पदांवर अभिनय करायची आणि मधलं बोलणं आयत्या वेळी करायची. म्हणजे गळा एका बाजूला उभा आणि चेहरे मध्यभागी. प्रेक्षकाला दोन्ही दिसत होते, दोन्ही मिळून एक होतात हे कळत होतं आणि त्यात काही लपवलेलं नव्हतं. पार्श्वगायनाचं तंत्र यायला अजून नव्वदएक वर्षं होती, पण ते पचवायची तयारी सांगलीच्या राजवाड्यात झाली होती, असं मी म्हणेन.

पण कृष्णाकाठाकडे दुसरंही उत्तर होतं आणि ते रॉकच्या फार जवळचं आहे. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, तासगावच्या वाटेवरच्या कवलापूरचे काळू-बाळू. तमाशाच्या बोर्डावर सगळे उघडे असतात. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावरचा झीलकरी, सगळे नाचणारीच्या मागं उभे, तिच्याकडे आणि एकमेकांकडे बघत. ढोलकीवाला पुढं येऊन नाचणारीशी सवालजबाब करतो तेव्हा वाद्य हेच पात्र होतं. पडद्यामागं वाद्यवृंद बसवायची सोयच नव्हती, म्हणून वाजवणारा दिसणं हा तमाशाचा प्राण झाला. रॉक बँडच्या व्हिडिओत ड्रमरच्या हातावर, बेसच्या तारेवर, घामेजलेल्या मानेवर कॅमेरा थांबतो तेव्हा तो नकळत तमाशाच्या प्रेक्षकाच्या डोळ्यानं पाहत असतो. घाटावरच्या पोरांना मी हे बोलून दाखवलं, तेव्हा त्यांच्या ड्रमरनं सांगितलं की त्याचे आजोबा हलगी वाजवायचे. बाकीच्या तिघांनाही ते त्याच दिवशी कळलं.

सिनेमानं या दोन परंपरा एकत्र आणल्या. अनंत मान्यांच्या 'सांगत्ये ऐका'मध्ये (१९५९) फड आहे, ढोलकी आहे, फेटेवाल्यांची पहिली रांग आहे. बुगडीची लावणी नाचते जयश्री गडकर आणि गाते सांगलीत जन्मलेली आशा भोसले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, म्हणजे आटपाडी तालुक्याच्या मातीतले. पुण्याच्या 'विजयानंद'ला तो चित्रपट १३१ आठवडे चालला. मराठी गाण्याच्या चित्रीकरणाचे कितीतरी संकेत तिथून घट्ट झाले: नाचणारीचा पाय जवळून, लगेच पाटलाची मिशी, मग ढोलकी, मग पुन्हा पाय. आज 'गावरान' गाणं म्हणून यूट्यूबवर जे येतं त्यातही हीच वीण दिसते. मात्र ढोलकीवाला कुठंतरी गळून पडला आहे. त्याच्या जागी रंगीत धूर सोडणाऱ्या नळकांड्या आल्या आहेत. ही मला खरी हानी वाटते.

आता जागेबद्दल. रॉकच्या व्हिडिओत जागा नुसती पार्श्वभूमी नसते, गाण्याला तिच्यातून अर्थ मिळतो. १९९७च्या 'बिटर स्वीट सिम्फनी'मध्ये गायक रिचर्ड ॲशक्रॉफ्ट लंडनच्या हॉक्स्टन स्ट्रीटवरून चालत सुटतो, लोकांना धक्के देत, थांबायचं नाव न घेता. रस्ता बदलला तर गाणंच बदलेल. स्मॅशिंग पम्पकिन्सच्या '१९७९'मध्ये (१९९६) उपनगरातली कंटाळलेली पोरं गाडीतून नुसती भटकतात आणि त्या सपाट, कुणी चित्र काढणार नाही अशा रस्त्यांनाच एक हळवेपण येतं. 'जिथं आपण राहतो तिथंच वाजवू' हा अल्टरनेटिव्ह रॉकच्या दृश्यभाषेतला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा संकेत.

आणि नेमका इथंच सातारा जिल्हा पोरका आहे. वाई आणि मेणवली ही देशातल्या सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या गावांपैकी असतील, पण त्यांच्या नावानं ती क्वचितच पाहिली गेली. 'गंगाजल'मध्ये (२००३) हा परिसर बिहार झाला. 'स्वदेस'मध्ये (२००४) मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाली. 'ओंकारा' (२००६) आणि 'दबंग' (२०१०) यांनीही या परिसराला उत्तर प्रदेशच केलं, 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये (२०१३) तो तमिळनाडू झाला. कारणं समजण्यासारखी आहेत. मुंबईहून एका दिवसात युनिट पोहोचतं, नदी, घाट, वाडे, देवळं आणि डोंगर पाच-सात किलोमीटरांत मिळतात, लोकांना कॅमेऱ्याची सवय आहे. गर्दीत उभं राहून अनेकांच्या घरात चार पैसे आले, खानावळी चालल्या. पण नाना फडणविसांच्या वाड्यामागचा हा घाट, वसईच्या मोहिमेतून आलेली मेणेश्वराजवळची ती प्रचंड घंटा, ढोल्या गणपतीची उंच पाठ, यांना त्यांच्या कृष्णेसकट पडद्यावर ओळख मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं. पाटीवर हिंदी अक्षरं रंगवली की आमची नदी गंगा होते.

'स्वदेस'चं ऋण तरीही मानलं पाहिजे. त्यातलं ताऱ्यांचं गाणं गावाच्या मैदानात होतं. मधे सिनेमाचा कापडी पडदा, एका बाजूला मानाची माणसं, दुसऱ्या बाजूला ज्यांना मागंच बसवलं जातं ती माणसं उलटं चित्र बघत. वीज जाते, गाणं सुरू होतं आणि पडदा उतरतो. कोण कुठून पाहतो, हे एका कापडानं सांगणारं गाण्याचं इतकं नेमकं चित्रीकरण आपल्याकडे थोडं आहे.

हलता कॅमेरा, दाणेदार चित्र, उडालेले रंग यांच्याबद्दल थोडं. रॉकच्या व्हिडिओत यांचा अर्थ 'हे खरं आहे' असा घेतला जातो. सुरुवातीला स्वस्त फिल्म आणि तिपाईचा अभाव यामुळे ते आलं. नंतर महागडे कॅमेरे मुद्दाम हलवले जाऊ लागले आणि आता मोबाइलमध्ये बोट ठेवलं की दाणे पडतात. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्या आठवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरून, होड्यांतून, गच्च्यांवरून लोकांनी जे टिपलं ते हलत होतं, कारण होडी हलत होती आणि टिपणाऱ्याचा हात थरथरत होता. पुढं त्यांतल्या काही तुकड्यांना सुरांची जोड देऊन गाणी झाली. ती पाहताना मला कळलं की कॅमेऱ्याच्या हलण्याला कारण असलं तर ते पोटात उतरतं. ज्यानं तो पूर पाहिला, त्याला सपाट रस्त्यावर चालणाऱ्या तरुणावरचा थरथरता कॅमेरा पुन्हा खरा वाटणार नाही.

इथल्या नव्या गाण्यांमागचं अर्थकारणही ध्यानात घ्यायला हवं. सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज इथं गाण्याचं शूटिंग करणारी बहुतेक मंडळी लग्नाचं शूटिंग करणारी असतात. हंगाम संपला की कॅमेरा, गिंबल, ड्रोन मोकळे असतात आणि मित्राच्या गाण्यासाठी मित्रभावानं मिळतात. त्यामुळे लग्नाआधीच्या शूटिंगचे सगळे संकेत गाण्यात शिरले आहेत: जोडीच्या डोक्यावरून हळूहळू वर जाणारा ड्रोन, वाऱ्यावर सोडलेली ओढणी, पसरणीच्या घाटातली बुलेट, चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या. पवनचक्क्यांचं मला वावडं नाही. त्या पठारावर उभं राहिलं की पात्यांचा जो घुमारा ऐकू येतो त्याच्यावर एखादं गाणं बांधता येईल. पण अजून त्या नुसत्याच मागं फिरताहेत.

कासबद्दल मात्र ठाम बोलायला हवं. पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर २०१२ला ते जागतिक वारसा झालं. खडकावर बोटभर मातीचा थर, त्यावर सप्टेंबरात सीतेची आसवं, कवळा, गेंद आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. फुलांच्या ताटव्यात आडवं पडलेलं माणूस वरून दाखवायचं, हा संकेत युरोप-अमेरिकेतल्या कुरणांतून आला. कुरण माणसाला झेलतं, कासची माती झेलत नाही. पाय पडला तिथं पुढच्या वर्षीचं बी दबतं. फुलांत उतरायला मनाई आहे ती म्हणूनच. पायवाटेवरून, गुडघ्यावर बसून, फुलाच्या उंचीवर कॅमेरा आणून जे टिपता येतं ते वरून पाहिलेल्या गालिच्यापेक्षा कितीतरी सुंदर असतं.

बाकी संकेत चटकन सांगून टाकतो. कोल्डप्लेच्या 'द सायंटिस्ट'सारखा (२००२) उलटा चालणारा काळ, त्यासाठी गायकानं गाणं उलटं पाठ केलं होतं. ओके गोच्या 'हिअर इट गोज अगेन'सारखी (२००६) एका दमात टिपलेली कसरत, तिथं पैशाची उणीव सरावानं भरून काढली. ब्लरच्या 'कॉफी अँड टीव्ही'तला (१९९९) शहरभर भटकणारा दुधाचा पुठ्ठ्याचा डबा. हे सगळं इथं थोड्या पैशांत होण्याजोगं आहे आणि तरी फारसं होत नाही. पाण्यात बुडणारा गायक मात्र आपल्याकडे लवकर आला, सिल्क रूटच्या 'डूबा डूबा'मध्ये, १९९८ला. साधारण त्याच सुमाराच्या रेडिओहेडच्या 'नो सरप्रायझेस'मध्ये गायक थॉम यॉर्कच्या डोक्याभोवतीच्या पारदर्शक गोळ्यात पाणी चढत जातं. ते चित्र पाहताना आपला श्वास कोंडतो. त्याचा श्वास मात्र दिसतो तितका वेळ रोखलेला नव्हता. पाण्याखालचा भाग गाणं भराभर वाजवून टिपला आणि नंतर संथ केला होता. मेणवलीच्या पोरांनी मोटारसायकलच्या सीटवर मांडलेली युक्ती तीच.

मला स्वतःला एक गाणं फार दिवस पाहायचं आहे. मिरजेत तंतुवाद्य करणाऱ्यांच्या गल्लीत छताला भोपळे टांगलेले असतात, मोठे, कोरडे, आतून पोकळ. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला घेतली आणि २०२४ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतो, कान लावतो, पुन्हा केसभर सरकवतो आणि अचानक तारेतून जवारी उघडते. रॉकच्या व्हिडिओत गिटारवाल्याची बोटं जवळून दाखवायचा संकेत आहेच. तोच इथं वापरून त्या धाग्यावर तीन मिनिटं कॅमेरा धरून ठेवणारा बँड कुणीतरी काढावा. गल्ली रेल्वे स्टेशनपासून लांब नाही.

त्या दिवशी घाटावर एक अडचण आली. मावशी चौकटीत येत होत्या. कॅमेरा धरलेला मुलगा त्यांना जरा बाजूला सरकायची विनंती करणार इतक्यात ड्रमरनं त्याला अडवलं. "राहू दे की. घाट त्यांचाच हाय." मावशींनी पदर सावरला आणि पुन्हा धुणं आपटायला घेतलं. स्पीकरवर चिवचिवाट सुरू झाला, पोरगा भराभर ओठ हलवू लागला, ड्रमर दुप्पट वेगानं हात चालवू लागला. त्या सगळ्यात एकट्या मावशी आपल्या नेहमीच्या लयीत होत्या.

नंतर मोबाइलच्या पडद्यावर तो तुकडा निम्म्या वेगानं पाहिला. पोरगा साध्या चालीत गात होता, गळाही त्याचा आणि चेहराही त्याचा. आणि त्याच्या मागं ओलं लुगडं सावकाश, फार सावकाश वर उचललं जात होतं, पाण्याचे थेंब हवेत थांबत होते, मग दगडावर उतरत होते. मावशींनी हात पुसले, मोबाइल जवळ घेतला आणि म्हणाल्या, "परत एकदा लाव बरं ते."